हँडलवरचं लाल फडकं

"हवा भरून देते," पक्कड म्हणाली.

"हवा काय, मी तोंडाने फुंकूनही भरीन," नर्सबाई म्हणाल्या. "ब्रेक बघ. दाबला की असा किंचाळतो, रस्त्यातली माणसं वळून माझ्याकडे बघतात. त्यांना वाटतं मीच ओरडले."

"ब्रेकचं काम बाबा करतात."

"त्यांनीच केलंय की, तीन आठवड्यांपूर्वी. तेव्हापासूनच ओरडतोय."

दुकानाच्या आतल्या बाजूला, उलट्या ठेवलेल्या सायकलीमागे बसून बाबा चेन धूत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"पाच वर्षं माझी सायकल हिच्या हातची आहे," नर्सबाईंनी आवाज बरोब्बर त्यांच्यापर्यंत पोचेल एवढा चढवला. "मी सुई टोचताना बघत नाही इतकं ही स्क्रू पिळताना बघते. हे माझ्या पेशंटना मात्र सांगू नका."

"ती सध्या फक्त हवा भरते," बाबा म्हणाले.

"सध्या म्हणजे कधीपर्यंत?"

बाबांनी चेन रॉकेलच्या थाळीत पुन्हा बुडवली.

"ठीक आहे," नर्सबाईंनी सायकल स्टँडवर लावली आणि बास्केटमधून डबा उचलला. "ही इथेच राहू दे. हिने हात लावला तर नेईन, नाही लावला तर चालेन. डॉक्टर वजन कमी करा म्हणून मागे लागलेतच." आणि त्या खरंच चढाने हॉस्पिटलच्या दिशेने चालू लागल्या. चढ दमवणारा होता. दहा पावलांवर त्या थांबल्या, कमरेवर हात ठेवून श्वास घेतला, वळून बघितलं नाही आणि पुन्हा निघाल्या.

पक्कड पंप हातात धरून बघत राहिली. पंप चालवायला डोकं लागत नाही, म्हणून तो तिच्या वाट्याला आला होता.

तिचं 'पक्कड' हे नाव भावाने ठेवलेलं. ती अकरा वर्षांची असताना एका म्हाताऱ्या सायकलचा गंजलेला नट बाबांनाही सुटेना. तिने त्यावर तेल सोडलं, पक्कड लावली आणि अर्धा तास सोडलीच नाही. हाताला फोड आला, नट सुटला. आठ वर्षांचा भाऊ बाजूला उभा राहून समालोचन करत होता, तो ओरडला, "बाबा, हीच पक्कड आहे! हिलाच डब्यात ठेवा!" नाव चिकटलं, कारण ते फक्त नटापुरतं नव्हतं. वादात एखादा मुद्दा तिच्या हाती लागला की समोरचा रडकुंडीला यायचा, मुद्दा सुटायचा नाही.

तिने त्याचं नाव 'भोंगा' ठेवून फिट्टंफाट केली. घरात सायकलचं दुकान, घंट्यांनी भरलेला खण, आणि या पठ्ठ्याच्या सायकलला कधी घंटी नव्हती. वळणावर स्वतःच ओरडायचा, "पोंऽऽ! बाजूला! राजे येताहेत!" बारावी झाल्यावर पक्कडने जाहीर केलं की तिला पुढे दुकानच चालवायचं आहे, तेव्हा बाबा हसले होते. "आणि भोंगा काय करेल?" भोंगा म्हणाला, "मी दारात बसून वाजेन. गिऱ्हाईक गोळा करायला कोणीतरी हवंच ना?" बाबांना त्यावरही हसू आलं, आणि त्या हसण्यातच तिला परवानगी मिळून गेली.

दुकान उताराच्या मधोमध होतं. वरच्या टोकाला हॉस्पिटल, खालच्या टोकाला गोदामांचा मोठा रस्ता, जिथून दिवसभर ट्रक जायचे. दुकानाच्या मागून लोखंडी जिना घरात चढायचा, घरावर गच्ची, गच्चीवर आईच्या कपड्यांच्या दोऱ्या. आणि दुकानात, दाराजवळच्या खिळ्यावर, एक लाल फडकं.

एकच. हा नियम आजोबांपासूनचा. जी सायकल खोलली आणि पुरी झाली नाही, तिच्या हँडलला लाल फडकं बांधायचं. दुसरं लाल फडकं दुकानात ठेवायचंच नाही, म्हणजे दुसरी सायकल अर्धवट सोडताच येत नाही. फडकं दिसलं तर हात लावायचा नाही. फडकं नाही, तर सायकल तयार. विचारायची गरज नाही, सांगायची गरज नाही. आजोबांच्या वेळचं फडकं विरल्यावर भोंग्याच्या जुन्या खेळाच्या जर्सीची पाठ कापून नवं केलं होतं. त्यावर पांढऱ्या सातच्या आकड्याचा वरचा अर्धा भाग होता. भोंगा म्हणायचा, "माझी पाठ दुकानाच्या कामाला लागली, आता पोटाचं बघा."

बाहेरचं गिऱ्हाईक सायकल नेताना दोनदा ब्रेक दाबून बघायचंच, फडकं असो नसो. दुकानातली माणसं मात्र नुसती हँडलकडे बघायची.

तीन महिन्यांपूर्वीच्या एका शुक्रवारी भोंगा सकाळी सायकल दुकानात टाकून कॉलेजला पायी गेला. "ब्रेक नुसते शोभेचे उरलेत. संध्याकाळी मॅच आहे. तोवर झाली नाही तर तुझं नाव बदलून 'चिमटी' ठेवीन!"

पक्कडने दुपारी सायकल घेतली. पुढची तार झिजलेली, मागचीही. एकेक बदलण्यापेक्षा दोन्ही एकदम काढून टाकल्या. डब्यात बघते तर तार एकच. तिने फडकं हँडलला बांधलं आणि दुसरी आणायला बाजारात गेली. बाबा मागच्या खोलीत टायर रचत होते. तारवाल्याकडे गिअरची नवी सायकल आली होती. ती बघत, तिचे गिअर कसे बसवलेत ते डोळ्यांत साठवत, ती दहा मिनिटं जास्त उभी राहिली. परत आली तेव्हा सायकलच्या जागी तेलाचे दोन थेंब होते आणि रस्त्यातली सगळी माणसं उताराने खाली धावत होती.

ट्रकवाल्याची चूक नव्हती. बघणाऱ्यांनी सांगितलं, पोरगा शेवटपर्यंत ओरडत होता. "बाजूला! बाजूला!"

वाकडी झालेली सायकल दुकानात आली. हँडलला फडकं नव्हतं. खिळ्यावरही नव्हतं. बाबांनी सगळे खण उपसले, टायरांची चळत पाडली.

"बांधलं होतंस?"

"बांधलं होतं."

"मग गेलं कुठे?"

तीन दिवस ती उतारावरची गटारं काठीने ढवळत फिरली. भोंग्याने सोडून फेकलं असेल, असंही एकदा मनात आलं आणि स्वतःचीच शिसारी आली. दुकानातलं पोर त्या फडक्याला हात लावत नाही. हे बाबांनाही ठाऊक होतं, तिलाही.

तेव्हापासून तिच्या हातात पंप होता.

---

दुपारी जेवणं आटोपली की आत्या यायची. दोन गल्ल्या पलीकडे राहायची. गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर बसायची, डोळे पुसायची आणि मग बोलायची. तिचं रडणं खरं होतं. भोंगा तिच्याकडे आठवड्यातून चार दिवस जेवायचा. पण रडून झालं की तिला काहीतरी काम लागायचं, आणि त्या दिवशी तिने मोठंच काम काढलं होतं.

"बाळ, इकडे ये. बैस. आम्ही सगळ्यांनी तुला माफ केलंय. आता मनात काही ठेवू नकोस."

"सगळ्यांनी म्हणजे कोणी कोणी?"

"म्हणजे काय?"

"नाही, सभा झाली होती का? मला बोलावणं नव्हतं."

"बघ दादा, बघ हिची जीभ! मी एवढं पोटतिडकीने सांगतेय…"

"आत्या, मी माफी मागितल्याचं मला आठवत नाही. म्हणून विचारलं."

"सगळंच मागावं लागतं का गं? देणाऱ्याचं मन मोठं असतं."

"न मागता आलेला माल आपल्या दुकानात परत करतात. तूही घेऊन जा."

आत्याचा पदर डोळ्यांकडे निघाला होता, तो वाटेतच थांबला. "तुझा भाऊ गेलाय!"

"माझा गेलाय," पक्कड म्हणाली. "हे मला रोज कोणीतरी येऊन सांगतं, जसं काही मी गावाला गेले होते."

आत्या उठली. जाताना दारात थांबून बाबांना म्हणाली, "हिला रडताना बघितलंस तू एकदा तरी?" बाबांनी चेन उचलून फडक्याने पुसली. फडकं इतकं मळलेलं होतं की चेन आणखी काळी झाली. हल्ली दुकानातली सगळीच फडकी तशी होती. पूर्वी दर शुक्रवारी आई खाली यायची, मळकी फडकी गोळा करून न्यायची, सोड्याच्या गरम पाण्यात भिजवायची, आणि शनिवारी ती पांढरीशुभ्र परत यायची. तीन महिन्यांत ती एकदाही त्या कामाला खाली उतरली नव्हती. दुःखात कोणाचं काय सुटतं, कोणाचं काय. पक्कडने त्यावर फार विचार केला नव्हता.

आत्याची पावलं लांब गेल्यावर ती बाबांसमोर जाऊन उकिडवी बसली.

"नर्सबाईंच्या सायकलचा ब्रेक मी करते."

"नको."

"तुम्ही रबर फार आवळून बसवलंय. रिमला कडेने घासतंय. म्हणून ओरडतो."

"माहीत आहे मला."

"तुमचा हात थरथरतो, बाबा. ब्रेकला हात लावला की थरथरतो. मी बघते रोज."

बाबांनी चेन खाली ठेवली. ते बोलले तेव्हा आवाजात राग नव्हता, हेच जास्त अवघड होतं. "मला एकच ऐकायचंय तुझ्याकडून. मी फडकं बांधायला विसरले, एवढं म्हण. विसरतं माणूस. मीही विसरलो असेन कधी. तू म्हणालीस की मी हा डबा तुझ्यापुढे ठेवतो, आणि पुन्हा या घरात तो विषय निघणार नाही. आत्यालाही नाही काढू देणार."

"पण मी विसरले नव्हते."

"मग फडकं गेलं कुठे? उडालं? अगं, चूक कबूल केलेला माणूस दुसऱ्यांदा ती करत नाही. चूक झालीच नाही म्हणणाऱ्याच्या हातात मी लोकांचे ब्रेक कसे देऊ?"

यात काही चूक नव्हती. हीच तर पंचाईत होती. बाबांचं बोलणं नेहमी सरळ रिमसारखं असायचं, कुठेही डुलायचं नाही.

ती परत पंपाशी जाऊन बसली. चार शब्द. मी फडकं बांधायला विसरले. त्या चार शब्दांत पाने, पक्कड, डबा, दुकान, बाबा, सगळं परत मिळत होतं. आणि खरं सांगायचं तर तिलाही आता खात्री देता आली नसती. पहिल्या दिवशी ती गाठ तिच्या बोटांत होती, दोन वेढे आणि वर फास. पण नट रोज उगाच फिरवत राहिलं की त्याचे आटे जातात. त्या आठवणीचेही गेले होते. कधी तिला फडकं हँडलवर दिसायचं, कधी खिळ्यावर, कधी स्वतःच्या खांद्यावर. गाठ त्या शुक्रवारची होती की त्याआधीच्या शंभर शुक्रवारांपैकी एखाद्याची?

तिने पंपाच्या दांड्याला एक चिंधी बांधून बघितली. दोन वेढे, वर फास. सोडली. पुन्हा बांधली. बोटांनी काही कबूल केलं नाही.

समोर नर्सबाईंची सायकल उभी होती, आणि त्या संध्याकाळी चालत घरी जाणार होत्या.

"बरं," पक्कड स्वतःशी म्हणाली. "बरं. म्हणते." ती उठली. पण म्हणायचंच तर रिकाम्या हाताने नाही म्हणायचं. दुकानाला नवं फडकं लागणार होतं. भोंग्याच्या जर्सीचा पुढचा भाग अजून कपाटात असेल. तो कापून, खिळ्यावर लावून, मग म्हणायचं.

---

भोंग्याच्या कपाटातल्या शर्टांना अजून इस्त्री असायची. आई दर आठवड्याला ते सगळे काढायची, धुवायची, इस्त्री करायची, परत ठेवायची. न घातलेले कपडे. त्यांना साबणाशिवाय कसलाच वास उरला नव्हता.

जर्सी सगळ्यात खाली होती. तिने ती ओढली, घडी उलगडली. आतून आणखी एक घडी निघाली. लहान, चौकोनी, इस्त्री केलेली. लाल. त्यावर पांढऱ्या सातचा वरचा अर्धा भाग.

फडक्याच्या दोन टोकांना आडव्या सुरकुत्या होत्या. गाठ पडते तिथे. इस्त्रीनेही गेल्या नव्हत्या.

पक्कड तिथेच फरशीवर बसली. तिला रडू आलं नाही. हसूही नाही. दोन्ही एकाच दारातून घुसायला बघत होती आणि दारातच अडकली होती.

जिन्यावरून पावलं आली. गच्चीवरचे वाळलेले कपडे छातीशी धरून आई आत आली. आधी उघडं कपाट बघितलं, मग जर्सी, मग तिच्या हातातला चौकोन. कपडे तिने खाली टाकले नाहीत. उलट घट्ट धरले.

"हँडलवर होतं?" पक्कडने विचारलं.

आईने मान हलवली. हो.

"तू सोडलंस."

"शुक्रवार होता," आई म्हणाली. "फडकी न्यायला खाली आले. खोक्यातली घेतली. हे हँडलला होतं. सगळं तेलाने माखलेलं, ताठ झालेलं. मला सायकल दिसलीच नाही गं. मळलेलं फडकं दिसलं फक्त. सोडलं आणि बादलीत टाकलं. तीस वर्षं या घरात आहे. मला नियम माहीत नव्हता? माहीत होता. पण त्या क्षणी मी नुसती फडकी गोळा करत होते."

"मग?"

"मग काय. सोड्याचं पाणी कढत होतं. मी हात घालून हे चोळत होते, तेव्हा खालून ओरड ऐकू आली." तिने स्वतःच्या हाताकडे बघितलं. "हात बादलीत होता माझा. हे फडकं हातात होतं."

खाली दुकानात बाबांचा हातोडा दोनदा वाजला आणि थांबला.

"तीन महिने, आई."

"रोज सांगणार होते."

"बाबा मला विचारत होते तेव्हा तू जिन्यात उभी होतीस. मी बघितलं तुला. 'मग गेलं कुठे?' म्हणाले तेव्हा. मी गटारं ढवळत होते तेव्हा गच्चीवरून बघत होतीस."

"हो."

"का?"

आईचा आवाज इतका खाली गेला की शब्द ओठांवरून वाचावे लागले. "तू बोलतेस. भांडतेस. आत्याला दारातून परत पाठवतेस. मला वाटलं, तू पेलशील. माझ्यावर आलं असतं तर मी संपले असते गं."

पक्कड उभी राहिली. "पेलतं म्हणून लादायचं? म्हणजे मी दिवसरात्र रडत पडले असते तर सुटले असते? ज्याचा आवाज मोठा, त्याच्याच डोक्यावर ओझं?"

"सांग मग खाली. जा, सांग. मी अडवत नाही."

"मी का सांगू?"

"अगं…"

"मी तीन महिने खरं सांगतेच आहे, आई. बांधलं होतं, बांधलं होतं, बांधलं होतं. माझं सांगून झालंय. आता माझा घसा दुखतो." तिने फडकं मुठीत धरलं. "मी हे खाली घेऊन जाणार आणि बाबांसमोर ठेवणार. ते विचारतील, कुठे मिळालं. मी उत्तर देणार नाही. खोटंही बोलणार नाही, तुझं नावही घेणार नाही. पुढचं तू बघ."

ती जिना उतरली. लोखंडी पायऱ्या नेहमीपेक्षा जास्त वाजल्या. तिने वाजू दिल्या.

---

खाली आत्या परत आलेली होती. छत्री विसरली होती म्हणे. छत्री काखेत होती, आत्या खुर्चीवर होती.

पक्कडने फडकं बाबांसमोरच्या फळीवर ठेवलं, पान्यांच्या मधोमध. बाबांनी त्याकडे बघितलं. अर्ध्या सातवर बोट ठेवलं. मग टोकांवरच्या सुरकुत्यांवर. सायकलवाल्याच्या बोटांना गाठ कळते.

"बांधलं होतंस," ते म्हणाले.

"बांधलं होतं."

"कुठे मिळालं?"

ती गप्प राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच कोणाच्या तरी प्रश्नापुढे गप्प राहिली, आणि ते तिला पंपापेक्षाही जड गेलं. चार सेकंद. पाच. आत्या पुढे झुकली.

"माझ्या बादलीत होतं."

आई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. कपडे अजून छातीशी. "मी सोडलं हँडलवरून. धुवायला. मग लपवलं. हिला बोलणी खाऊ दिली."

आधी आत्याला वाचा फुटली. "वहिनी! अगं तूच? पोटच्या पोराच्या सायकलवरून… आणि वर या पोरीला…"

"आत्या, थांब," पक्कड म्हणाली.

"अगं तुझ्याच बाजूने बोलतेय मी!"

"तीन महिने माझ्या विरुद्ध होतीस, आता एका मिनिटात बाजू बदललीस. मान लचकेल. उद्या दुपारी येऊन हिलाही माफ करशील. नको. या दुकानात माफीचा माल ठेवत नाही आम्ही."

"मग काय, कोणाचीच चूक नाही?"

"असं कोण म्हणालं?" पक्कड बाबांकडे वळली. आवाज चढला होता, तिने उतरवला नाही. "दोन्ही तारा मी एकदम काढल्या. एक ठेवली असती तर एक ब्रेक तरी लागला असता. ती माझी. तारवाल्याकडे सायकल बघत उभी राहिले, तीही माझी, आणि ती मी कोणाला देणार नाही. तुम्ही विचारलंत का कधी? नाही. तुम्ही सगळे फडक्यालाच धरून बसलात."

"बाळ…" आत्या म्हणाली.

"आणि तो! त्याने ब्रेक दाबून का नाही बघितला? नर्सबाई बघतात. शाळेतलं पोर बघतं. आपण बघत नाही, कारण आपल्याला वाटतं, फडकं नाही म्हणजे झालं." ती थांबली. पुढचं वाक्य बाबांसाठी होतं, आणि ते त्यांना लागणार हे तिला माहीत होतं. "अख्खं दुकान एका चिंधीवर चालवायचं हा नियम कोणाचा, बाबा?"

"माझ्या वडिलांचा," बाबा सावकाश म्हणाले. "पन्नास वर्षांत एकदाही…"

"एकदाच पुरतं."

बाबांनी तोंडावरून हात फिरवला. चेनचं काळं कपाळापासून हनुवटीपर्यंत ओढलं गेलं. ते आईकडे बघत होते, आणि आई त्यांच्या नजरेची वाट बघत होती, जशी मार खाणारं माणूस बघतं. शेवटी ते एवढंच म्हणाले, "भाजलं होतं का तुला? सोड्याचं पाणी कढत असतं तुझं." आईने हात पुढे केला. मनगटावर एक गुळगुळीत, गुलाबी चट्टा होता. तीन महिने कोणी बघितला नव्हता. आई पायरीवर खाली बसली.

पक्कडला तिच्याजवळ जावंसं वाटलं. तिने पाऊल उचललं नाही.

"आई, मी तुझ्यावर रागावलेय," ती म्हणाली. "आज, उद्या आणि बरेच दिवस रागावलेली असणार आहे. ते कोणी उतरवायला बघू नका. पण तू आता वर जाऊन एकटी बसू नकोस. इथे बस. आत्या, चहा टाकतेस का? छत्री विसरलीच आहेस पुन्हा, तर थांब."

आत्याने काखेतल्या छत्रीकडे बघितलं आणि ती जिना चढली.

मग पक्कड फळीपाशी गेली. बाबांनी डबा पुढे केला नाही, तिने वाट बघितली नाही. पाना उचलला, नर्सबाईंची सायकल आत ओढली आणि सगळ्यात आधी पुढच्या चाकाचे दोन्ही नट सोडले.

"ब्रेकचं काम आहे ना? चाक कशाला काढतेस?" बाबा म्हणाले.

"अर्धवट सायकल आता चाकावर उभी राहणार नाही. पुढचं चाक काढलं की ज्याला न्यायची त्याला नेऊ दे. धुवायला न्या, मॅचला न्या." चाक सुटलं. पुढच्या दांड्याची दोन टोकं तिने लाकडी ठोकळ्यावर टेकवली. "काम झालं की चाक लावायचं. तोवर सायकल म्हणजे नुसता लोखंडी सांगाडा."

"प्रत्येक वेळी चाक काढायचं? पंधरा मिनिटं वाढतील."

"वाढू देत."

"गिऱ्हाईक कुरकुरेल."

"कुरकुरू दे."

बाबा बघत राहिले. तिने ब्रेकचं रबर सैल केलं, कडेकडून सरकवलं, डोळा मिटून रिमच्या रेषेत धरलं. हात थरथरत नव्हता. काढलेलं चाक तिने मोकळ्या हाताने भिंतीला टेकवलं.

"भिंतीला नको," बाबा म्हणाले. "कोणाचा पाय लागला तर आउट होईल, डुलायला लागेल. खुंटी आहे वर, तिला लाव."

ज्या खिळ्यावर फडकं असायचं त्याच्या वरची खुंटी. तिने चाक तिथे टांगलं. ते थोडा वेळ आपोआप फिरलं आणि थांबलं. इस्त्री केलेलं लाल फडकं फळीवरच होतं. आईने उठून ते घेतलं, घडी मोडली, आणि आपल्या ओच्यात ठेवलं.

संध्याकाळी नर्सबाई उतरून आल्या त्या दारातच थबकल्या. "अगं बाई! माझ्या सायकलचं पुढचं चाक कुठे गेलं?"

"झालंय. लावते," पक्कड म्हणाली. चाक खुंटीवरून काढलं, बसवलं, नट आवळले, आणि सायकल त्यांच्यापुढे फिरवून धरली. "न्यायच्या आधी दाबून बघा."

नर्सबाईंनी दाबला. एकदा. पुन्हा एकदा. ब्रेक गप्प राहिला, चाक जागच्या जागी थांबलं.

"तू नाही बघितलास का आधी?"

"बघितला," पक्कड म्हणाली. "दोनदा. तुम्हीही बघा. पुढच्या वेळीही बघा. माझ्यावर कोणी विश्वास ठेवायचा नाही."